जर्मनच्या पातेल्यातला धवला

कडाव,
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. समिधास सोनुबाई आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तू बनवलेली आवाज मोठा करायची मशीन पोचली. दशरथनं दुधाच्या क्यानांच्या मधी बसवून आणली, वरून गोणपाट टाकलं. डबा छान दिसतो. पण त्याच्यावर रंगानं आजी असं लिहिलंस ते मी खरवडून काढलं. आजी तुझी, गावाची नाय. गावाला मी सोनुबाई धवलारीण, हळदीला देवांचे धवले म्हणणारी.

मी कागद का लिहिते ते आधी सांगते. घरात फोन एकच, तो तुझ्या आईच्या कमरेला. माझ्या सुनेच्या कानात सकाळी जे शिरतं ते दुपारपत्तुर तिच्या भावाच्या, म्हंजे तुझ्या गजामामाच्या कानात जातं. तवा ह्या कामाचं एक अक्षर फोनवर बोलायचं नाय. दशरथचा टेंपो रोज खालापूरला तुझ्या कंपनीच्या दारावरनं जातो. त्याच्या हाती लिही. मी दुसरीपत्तुर शिकले, तेवढं ह्या कामाला पुरं.

आता मशीनचं. आवाज येतो, पण मी वरच्या सुराला चढले की फाटतो. चिरलेलं मडकं वाजवल्यासारखा. आणि वीस मिनिटं झाली की डबा तापतो नि मशीन गप बसते. जरा निवली की परत बोलते, परत गप. असली मशीन घेऊन मी गजासमोर बसू व्हय?

माघात संजनाच्या हळदीला काय झालं ते तू पाहिलं नाय, तू ड्युटीवर होतीस. मी धवला लावला होता. देवांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलवत होते. निम्मे देव झाले नि गजानं आपल्या डीजेच्या मशीनचा कान पिळून आवाज वाढवला. वर माईकमधून सांगितलं की आजीबाईंची बॅटरी उतरली, आता खरी हळद सुरू. सगळा मांडव हसला. तुझी आई पण हसली, पदर तोंडाला लावून. संजनाच्या आईनं माझ्या हातात नारळ ठेवला आणि घरी वाटेला लावलं. चाळीस वर्षांत माझा धवला कधी अर्धा राहिला नव्हता. बोलावलेले देव त्या दिवशी वेशीवरच उभे राहिले.

तवापासनं दोन घरांनी सांगून पाठवलंय की येऊ नको, डीजे ठरलाय. आता अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी नंदाच्या तेजश्रीची हळद. नंदानं मला पण सांगितलंय नि गजाला पण. तिथं मी पडले तर ह्या भागात पुन्हा कोणी धवलारणीला बोलवायचं नाय. आणि गजाला मी तसा सोडायची नाय. तो मांडव जसा माझ्यावर हसला तसा त्याच्यावर गप झालेला मला बघायचाय.

मशीन नीट कर. माया हाय तेवढी हाय, वाढवायची असंल तर लवकर लिही.

तुझी आजी,
सोनुबाई


खालापूर,
९ मार्च २०२५

ती. आजीस समिधाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दशरथकाकांनी गेटवर दिलं. वॉचमनला वाटलं मला कोणाचं तरी प्रेमपत्र आलं. मी खरवडलेल्या नावाचं वाचलं आणि हसले. रंग चांगला होता गं.

आजी, एक आधी सांगते. गजामामा माझा मामा आहे. सोल्डरिंगची गरम कांडी पहिल्यांदा त्याने माझ्या हातात दिली, तेव्हा मी चौथीत होते. संजनाच्या हळदीला त्याने केलं ते वाईटच, मी त्याला तोंडावर सांगितलं. पण ही मशीन मी तुझा आवाज पोचावा म्हणून बनवली, भांडणासाठी नाही.

आता मला हे बघून कळव. पहिलं, तू हळू म्हणतेस तेव्हा आवाज स्वच्छ येतो की तेव्हाही फाटतो? दुसरं, मशीन चालू करून अर्धा तास काहीच न म्हणता नुसती ठेव. तशीही तापते का? तिसरं, किती तापते? आत जस्ती रंगाची छोटी पट्टी आहे, तिला पाच पायांचा एक काळा तुकडा स्क्रूने धरलाय. त्याला आयसी म्हणतात, आवाज मोठा करायचं सगळं काम तो करतो. पिन काढ, मग पट्टीला बोट लावून सांग. चौथं, मशीनला नक्की काय काय जोडलंयस?

खोटं सांगू नकोस. तू डॉक्टरला सांगतेस तसं नको.

तुझ्या शिव्यांसकट तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
समिधा


कडाव,
होळीचा दुसरा दिवस

चि. समिधास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

मामा तुझा आसंल. माझ्या सुनेचा भाऊ, माझा कोणी नाय.

तू विचारलंस ते सगळं केलं. हळू म्हटलं तर आवाज स्वच्छ. वर चढलं की फाटतो. नुसती ठेवली तर तापत नाय, मांजर येऊन बसलं वर, उठायला तयार नाय. गायला लागले की तापते. पट्टीला बोट लावलं. फार नाय, कोमट हाय. भाकरी टाकायच्या आधी तवा आसतो ना, तेवढी.

जोडलंय काय म्हणशील तर तू दिलेला स्पीकरचा बॉक्स. आणि तुझ्या आज्याचा जुना भोंगा माळ्यावर पडला होता, तो पण उतरवला नि त्याच वायरीला जोडला. एकानं आवाज जातो तर दोघांनी दुप्पट जाईल. आणि मशीनवर धूळ बसू नये म्हणून मी लोकरीचं कव्हर विणलं, चारी बाजूंनी घट्ट बसतं. लाल हाय, निळी कड.

माईक मी तोंडाला लावूनच म्हणते. गजा तसाच धरतो. त्याचा चालतो तर माझा का नाय?

होळीला गजा घरी आला होता. पुरणपोळ्या खाल्ल्या सात. जाताना मला विचारून गेला की मावशी, यंदा धवला मोबाईलात भरून ठेवू का, म्हंजे तुमाला उठबस नको. मी काय बोलले नाय. मी काय बोलले नाय हे लक्षात ठेव.

आशीर्वाद तर देतेच, पण आधी उत्तर दे.

सोनुबाई


खालापूर,
२१ मार्च २०२५

ती. आजीस समिधाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी कव्हर काढ. मशीनला घाम सुटतोय आणि तू तिला स्वेटर घातलास.

मग भोंगा काढ. तू समजतेस तसं दोन लावले की दुप्पट होत नाही. एका म्हशीला दोन पारडी एकदम लुचायला लागली तर म्हैस थकते, तसं आहे. प्रत्येक नवा स्पीकर त्याच वायरीला जोडला की मशीनकडून जास्त करंट ओढतो. मशीन तेवढं देऊ शकत नाही, म्हणून आवाज फाटतो आणि तापतं. तुझ्या मशीनला एकच बॉक्स झेपतो.

माईक तोंडापासून एक वीत लांब धर. तुझा आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर जाणारा, तो माईकमध्ये मावत नाही. माईकमध्येच फाटला तर पुढे मशीन काय करणार?

आणि तुझ्या बोटाच्या कोमटवर माझा विश्वास नाही. तू चुलीतला निखारा हाताने सरकवतेस. भाकरी टाकायच्या आधीचा तवा माणसाला पोळतो, आजी. म्हणून असं कर. मेणबत्तीच्या मेणाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी पट्टीवर डकव आणि नेहमीसारखा धवला म्हण. गोळी वितळली तर समज फार तापतंय. नाही वितळली तर ठीक.

वितळलीच तर आयसी आणि पट्टी यांच्यामधलं पांढरं मलम बहुतेक सुकलंय. ते उष्णता पट्टीत उतरवतं. पिन काढून स्क्रू सोड, जुनं पूस, नवं लाव. पानाला चुना लावतो तेवढंच पातळ. पुडी पुढच्या आठवड्यात दशरथकाकांकडे देते.

तुझा राग थोडा मलाही पाठव, इथे मेसची डाळ फार पातळ असते.

समिधा


कडाव,
३१ मार्च २०२५

चि. समिधास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

कव्हर काढलं, ते मांजराला घातलं. भोंगा परत माळ्यावर. एक वीत म्हंजे कुणाची वीत ते तू लिहिलं नाय, म्हणून मी माझी धरली. फाटणं गेलं. सगळ्यात वरच्या सुराला पण आवाज असा निघाला की तुझ्या आईनं चुलीपासून वळून पाहिलं. तिची भाकरी करपली.

मेण मात्र वितळलं. कव्हर नाय, भोंगा नाय, तरी वितळलं. वेशीच्या देवापत्तुर येते नि गोळी पसरते, मग दोन कडव्यांत मशीन गप.

तुझी पुडी आली नाय. दशरथचा टेंपो चौक फाट्याला बंद पडला, चार दिस गॅरेजात. तू लिहिलं होतंस पांढरं आणि चुन्याएवढं पातळ. माझ्या पानाच्या डबीत चुना भरलेलाच हाय, ताजा, ओला. म्हणलं पोरीच्या पुडीची वाट कशाला बघा. स्क्रू सोडला, पुसलं, चुना लावला छान पातळ, परत आवळला. मग गोळी डकवली.

सांगायचं म्हंजे आधी वीस मिनिटं लागत होती, आता नऊ मिनिटांत वितळली.

उघडून पाहिलं तर चुना वाळून पापुद्रे निघालेत. हसू नको. गजाला समजलं तर तो माईकमधून सांगंल. तेजश्रीच्या हळदीला महिना उरला नि तू हसत बसलीस तर मी तुझ्या खोलीवर येऊन राहीन.

तेवढा धाक पुरे. उत्तर दे.

सोनुबाई


खालापूर,
४ एप्रिल २०२५

ती. आजीस समिधाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हसले. मशीनवर बसलेल्या माझ्या मैत्रिणी पण हसल्या, पण मी त्यांना सांगितलं की ही माझी आजी आहे, तिने दुसरी शिकून आयसी उघडला, तुम्ही डिप्लोमा करून घाबरता.

चुना ओला असतो आणि वाळला की त्यात हवा शिरते. हवेतून उष्णता जात नाही. कोरड्या फडक्याने सगळा खरवडून काढ. खरी पुडी ह्या पत्राबरोबर आहे, हातावर लावू नकोस आणि पानाला तर नकोच.

पण चूक तुझी एकटीची नाही. पट्टीच मी फार छोटी लावली. मी ती फेब्रुवारीत, पंख्याखाली, कॉटवर बसून तपासली. तुझ्याकडे एप्रिलचं ऊन, मांडवावर ताडपत्री आणि दीड तासाचा धवला. तेवढ्याला अॅल्युमिनियमचा मोठा जाड तुकडा हवा, बूड सपाट असलेला. तसलं काही घरात आहे का? असेल तर भोक पाडून आयसी त्यालाच आवळायचा, मग तेच सगळी उष्णता घेईल. आणि मशीनला तीन पिनांचीच वायर ठेव, तिसरी पिन तोडू नकोस. करंट बसला तर मला आईला तोंड द्यावं लागेल.

लोभ वितळू देऊ नकोस.

समिधा


कडाव,
हनुमान जयंती

चि. समिधास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

जाड नि सपाट काय म्हणून विचारतेस? तुमचं अॅल्युमिनियम म्हंजे आमचं जर्मन, माझं जर्मनचं पातेलं हाय ना. चाळीस माणसांचा भात शिजतो त्यात. माझ्या लग्नात आलेलं, बूड बोटाएवढं जाड. दहिवलीच्या ग्रीलवाल्याकडे नेलं नि सांगितलं बुडाला भोक पाड. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जसा म्हातारीला वेडाचा वारा लागला. पाडलं पण.

बूड घासून लख्ख केलं. तुझं मलम लावलं, पानाएवढं. काळा तुकडा आवळला. पातेलं पालथं, मशीन आत, खाली दोन विटा, वारा जायला. सगळं मी केलं. मेण डकवलं नि दुपारच्या उन्हात, पत्र्याखाली, पहिल्या देवापासनं शेवटच्या देवापत्तुर सगळा धवला म्हटला. दीड तास. गोळी तशीच बसली, ज्वारीच्या दाण्यासारखी. हात लावून पाहिलं. आता खरंच कोमट.

धवला संपल्यावर मी अशीच बसले. बरं वाटलं, एवढंच.

एक विचारायचं होतं. शिकायला म्हणून विचारते. एखाद्या माणसाकडे मोठी मशीन हाय, तिला दोन बॉक्स झेपतात. त्यानं त्याच वायरीला सहा जोडले तर काय होतं? आणि ती मशीन स्टेजच्या खाली, वर गालिचा नि ताडपत्री अशी ठेवली तर? आणि किती वेळात होतं?

घाई नाय. पण हळदीच्या आत लिही.

सोनुबाई


खालापूर,
१७ एप्रिल २०२५

ती. आजीस समिधाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पातेल्याचं वाचून मी आज कंपनीत कोणाशी तरी भांडायला तयार आहे, इतका अभिमान वाटला.

तुझ्या प्रश्नाचं. सहा जोडले की सुरुवातीला आवाज जोरात येतो, माणूस खूश होतो. मग जाड आवाज फाटायला लागतात, ढोलाचं कातडं ढिलं झाल्यासारखे. चांगल्या मशीनमध्ये संरक्षण असतं, ती स्वतःहून बंद पडते. पण लोक ती पुन्हा पुन्हा चालू करतात. चौथ्या-पाचव्यांदा आतले तुकडे जळतात, वास येतो, मग काही नाही. ताडपत्रीखाली तर अर्धा तासही पुरे. वायर तापून कापडाला लागली तर आगही लागू शकते, म्हणून असं कोणी करत असेल तर त्याला थांबवायचं.

हे शिकायलाच विचारलंस ना, आजी? मला तुझा तो घाई नाय वाला शब्द आवडला नाही.

आशीर्वाद हवाच, पण उत्तरही हवं.

समिधा


कडाव,
१ मे २०२५

चि. समिधास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तेजश्रीची हळद झाली. तुला सुट्टी मिळाली नाय म्हणून लिहिते, नायतर दमलेय.

मी ऊन उतरतानाच पातेलं घेऊन गेले. बायकांनी विचारलं की सोनुबाई भात लावणार व्हय. मी म्हणलं हो, शिजंल थोड्या वेळात. गजा आला टेंपो भरून. सहा बॉक्स. त्याचे दोन नि मंडळाचे चार मागून आणलेले. मांडवाच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या केल्या. मशीन स्टेजखाली सरकवली, पाहुण्यांच्या पायात नको म्हणून. मी माझं पातेलं नि त्याची मशीन दोघांना हळदकुंकू लावलं, मी काय आकस धरत नाय. तो वाकून पाया पडला. फोटो पण काढला.

मग त्यानं लावलं. माझ्या दातांतलं पान हललं. पोरं नाचली, तुझी आई नाचली. नंदा माझ्या कानाशी येऊन बोलली की सोनुबाई, तुमचं नंतर बघू. मी म्हणलं बघू.

दहाव्या मिनिटाला जाड आवाज फाटला. कोणाला कळलं नाय, मला कळलं. मग मशीन गप. गजानं बटण दाबलं, परत सुरू. परत गप. पाच वेळा मोजलं. मग कांदा करपल्यासारखा वास आला. आणि समिधा, मांडव असा गप झाला की नंदाच्या गोठ्यातली म्हैस हंबरली ती ऐकू आली.

गजा स्टेजखाली आडवा, पाय तेवढे बाहेर. मी पानाला चुना लावला. चुना पानाच्याच कामाचा.

नंदा आली, तिची जाऊ आली, मग नवरीची आजी आली, की सुरू करा. मी म्हणलं मला माईक धरायला कोणी नाय, माझा स्टँड नाय. गजा रिकामा हाय, त्याला बोलवा. आला. घामानं ओला. मला विचारलं की मावशी, तुमच्या पातेल्याला माझा मोबाईल जोडता येईल का, दोनच गाणी. मी म्हणलं, पातेल्यात एकाचाच भात हाय. त्याचा हात धरून माईक माझ्या तोंडापासून एक वीत लांब ठेवला नि सांगितलं की हलायचं नाय.

पहिल्या देवापासनं शेवटच्या देवापत्तुर म्हटला. दीड तास. आवाज लहान होता म्हणून लोक जवळ सरकले, नाचायला जागा उरली नाय. गजाचा हात कापायला लागला की मी कडवं लांबवत होते. मेण जागच्या जागी.

दोन घरांनी तिथंच मला पुढच्या हळदी सांगितल्या.

काळजी नसावी. जेवलेली हाय.

सोनुबाई


खालापूर,
८ मे २०२५

ती. आजीस समिधाचा नमस्कार. वि. वि.

साष्टांग लिहिलं नाही, मुद्दाम.

काल गजामामा आला. जळलेली मशीन मांडीवर घेऊन एसटीने आला, टेंपो काढला नाही. आईनेच पाठवलं, की समिधाकडे जा. खोलीच्या पायरीवर बसला आणि विचारलं की तुझ्या आजीचं पातेलं तापत कसं नाही. मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

मग मी मशीन उघडायला घेतली. झाकणावर हळदकुंकवाचं बोट होतं. आणि त्याच्याच खाली वितळून पसरलेलं, मग थिजलेलं मेण. आधी ज्वारीच्या दाण्याएवढं असावं. मामाला वाटलं मांडवातल्या मेणबत्तीचं पडलं. हाताने खरवडून काढलं आणि खिशात ठेवलं.

त्याला विचारलं की सहा बॉक्स कशाला. तो म्हणाला, ताई बोलली, म्हणजे माझी आई. नवरदेवाकडचे खालापूरहून असले बॉक्स आणतायत की कर्जत स्टेशनापर्यंत आवाज जाईल, आणि गजाचा डेअरीच्या पुढे जात नाही, असं गावात बोलतायत. नवरदेवाकडच्यांनी तर एक शिट्टीही आणली नव्हती. ताईला कोणी सांगितलं, तर ती नळावर पाणी भरत असताना तिच्या सासूने शेजारणीला सांगितलेलं तिने ऐकलं.

आजी, तू मला शिकायला म्हणून विचारलंस. मी तुला थांबव म्हणून लिहिलं आणि तू ते घड्याळासारखं वापरलंस. मशीनच्या वर गालिचा होता. तेजश्री वर बसली होती.

मशीन दुरुस्त होईल. चार तुकडे जळलेत, ते मिळतात. पण मी हात लावलेला नाही. मामा पुढे कधी माझ्या लग्नात मला मांडवात घेऊन येणार, आणि माझ्या खिशात हे मेण आहे. त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. पण ठरवून लिही, गप्प बसू नकोस.

माया आहे, म्हणूनच एवढी चिडले.

समिधा


कडाव,
११ मे २०२५

चि. समिधास आजीचा आशीर्वाद. तू साष्टांग घाल की नको, आशीर्वाद माझा हाय, मी देते.

स्टेजच्या मागं मी वाळूची पाटी भरून ठेवली होती, नंदाच्या बांधकामातली. पाणी नाय, वाळू. विजेवर पाणी टाकत नाय एवढं मला कळतं. आणि माझी नजर त्या मेणावर होती, नवरीवर नाय, हे खरं. त्यासाठी तू चिडलीस ते बरोबर. लिहून देते, पुन्हा लिहायची नाय.

बाकी मी केलं. नळावर मीच बोलले, तुझी आई ऐकावी म्हणून मोठ्यानं बोलले. एवढी वर्षं माझी प्रत्येक गोष्ट भावाच्या घरी पोचवली तिनं, एकदा माझ्या कामाचं पोचवलं.

तू विचारतेस गजाला सांगायचं का. सांगायचं म्हंजे? सांगच. मेण त्याच्या हातावर ठेव नि सांग सोनुबाईनं केलं. त्याला वाटलं मशीन आपोआप गेली तर मग मी केलं काय? त्यानं माझ्या तोंडावर केलं होतं, सगळ्या मांडवासमोर. मी लपून ठेवणारी नाय. चिडला तर चिडू दे, मला यायला सांग, मी घरीच असते.

मशीन दुरुस्त कर. चांगली कर, हातचं राखू नको, तो तुझा मामा. झाली की त्याच्या हातात देऊ नको. दशरथच्या टेंपोत घाल नि इकडं पाठव, माझ्या खाटेखाली राहील. ज्याला पाहिजे त्यानं माझ्या दारात यायचं.

आला की त्याला काय करायचं ते पण सांगून ठेव. संजनाला दहिवलीत दिलीय. मी तिच्या सासूकडे विचारून आले, ती हो बोलली. गजानं आपल्या टेंपोत मला, मशीनला नि दोन बॉक्सना, दोनच, तिच्या दारात न्यायचं. माघात जे देव वेशीवर उभे राहिले ते अजून तिथंच हायत, त्यांना मी बोलावलं होतं, त्यांना मीच आत घेणार. त्याच्या मशीनवर, त्याच्या माईकमधून. माईक तो धरंल, एक वीत लांब, राहिलेला निम्मा धवला संपेपत्तुर. मग मशीन त्याची नि तो त्याचा.

चुन्याची गोष्ट त्याला सांगितली असंल तर तुझी खैर नाय.

माया हाय तशीच हाय, तापली नाय. आणि गजाला एवढं सांग, राहिलेला निम्मा धवला लांब हाय. बॅटरी भरून ये.

तुझी आजी,
सोनुबाई धवलारीण